तिजोरी भरली, पुढे काय?

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन कथा रंगवायच्या खेळात, आपल्या पात्रांकडे मोहरांचा ढीग साठला आहे आणि त्या खर्च कुठे करायच्या ते कळत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकून या वेळची सगळी पानं पैशाला दिली आहेत. मी दिवसा लोकांचे हिशेब तपासते आणि शनिवारी रात्री डोंबिवलीत टेबल चालवते, म्हणजे डंजन मास्टर (डीएम) होऊन इतरांना खेळवते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले समजा. पत्र लिहिणारे बरेच जण तीच खेळतात.

प्रश्न : ताई, आमची पार्टी (पात्रांची टोळी) नवव्या लेव्हलला पोचली. फायटरचं (लढवय्या पात्राचं) प्लेट आर्मर घेऊन झालं, सगळ्यांच्या झोळीत जखमा भरून काढणारी औषधं आहेत, आणि तरी चौघांत मिळून चाळीस हजार मोहरा पडून आहेत. परवा ड्रॅगनची गुहा जिंकल्यावर मी खजिन्याची यादी वाचत होतो, तेव्हा एक जण मोबाइल बघत बसला होता. जादूच्या वस्तूंचं दुकान उघडू का?
— एक डीएम, नाशिक

उत्तर : दुकानाची घाई करू नका. त्या यादीने त्याच्या पात्राचं काहीच बदलणार नव्हतं, म्हणून तो मोबाइल बघत होता. पूर्वी असं नव्हतं. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हा राक्षस मारून एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) बेताचेच मिळायचे. खरी कमाई व्हायची ती खजिना सुखरूप बाहेर आणल्यावर, साधारण एका मोहरेला एक एक्सपी. म्हणजे खजिना वाचून दाखवणं हेच निकाल वाचून दाखवणं होतं. ती मोहर पुन्हा खर्चही व्हायची. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पुढची लेव्हल गाठायला गुरूकडे शिकावं लागे आणि त्याची फी आठवड्याला, चालू लेव्हल गुणिले १,५०० मोहरा. चौथीवरून पाचवीवर जायचं तर निदान ६,००० गेल्या. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे एक्सपी ऐच्छिक झाले. मग हळूहळू मोहरेचं मूळ काम गेलं, पण खजिन्याचे तक्ते मात्र भरगच्च राहिले.

आता तुमचाच हिशेब करू. पाचव्या ते दहाव्या लेव्हलच्या टप्प्यात एका मोठ्या खजिन्यात सरासरी ३,८५० मोहरांच्या आसपास नाणी निघतात, रत्नं आणि कलाकुसरीच्या वस्तू वेगळ्या. त्या टप्प्यात असे अठरा खजिने मिळतील असं पुस्तकच धरून चाललं आहे. झाले सत्तर हजारांच्या जवळपास. आणि चिलखतांच्या यादीतली सगळ्यात महाग वस्तू, तुमच्या फायटरचं प्लेट आर्मर, १,५०० ला. ढीग साठणारच होता. यात तुमचं काही चुकलेलं नाही.

दुकानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत जादूच्या वस्तूंना बाजारभाव होते: साधी प्लस वन लाँगसोर्ड, म्हणजे हलक्या जादूची लांब तलवार, २,३१५ मोहरा. कोणत्या लेव्हलला पात्राकडे किती संपत्ती असावी याचा तक्ताही होता, विसाव्या लेव्हलला ७,६०,०००. हिशेब चोख होता. पण राक्षसांची ताकद त्या तक्त्याला धरून ठरवलेली असल्यामुळे, ज्याने पैसे घालून गावात वाडा बांधला तो लढाईत मागे पडला. घर की तलवार असा प्रश्न आला की खेळाडू तलवारच घेणार. पाचव्या आवृत्तीने हे ओझं उतरवलं. विकत घेतलेल्या जादूच्या वस्तूंवाचून पात्रं टिकतील असाच तिचा हिशेब आहे. त्यामुळे तुमच्या पार्टीचे चाळीस हजार पूर्ण मोकळे आहेत. ते तलवारीत अडकवायचे नसतील तर जगात ओतता येतात, आणि माणसं आणि जागा हेच त्यांचं खरं गिऱ्हाईक आहे.

उदाहरण आमच्या टेबलावरचं देते. कोळ्यांच्या एका गावात पार्टीतली ‘रोग’, म्हणजे चोरकामात तरबेज असलेली एक जण, उतरली होती. तिला कळलं की गावातली निम्मी गलबतं एका सावकाराकडे गहाण आहेत. मी ही माहिती नुसती रंग भरायला दिली होती. तिने सरळ विचारलं, ‘ही गहाणखतं तो विकेल का?’ चार हजारांत सौदा झाला. त्या क्षणापासून ती अख्ख्या गावाची धनको झाली. कर्ज माफ करायचं का? व्याज घ्यायचं का? सावकाराच्या पाठीमागे कोण होतं, आणि हातातून गाव गेलं म्हणून तो काय करणार? पुढचे कित्येक शनिवार आम्ही तेच खेळलो. चार हजार मोहरांत मी स्वतः इतकं कथानक लिहू शकले नसते. सावकार खत विकेल की नाही हे पासा टाकून नव्हे, त्याच्या गरजेवरून ठरवलं, आणि तुम्हीही तसंच करा.

तुमच्या चौघांना पुढच्या सेशनच्या शेवटी एवढंच विचारा: मोहीम नसते तेव्हा तुमचं पात्र झोपतं कुठे, आणि त्या घरात आणखी कोण आहे? उत्तरं आली की खर्चाच्या जागा आपोआप दिसतील. सुरुवातीला राहणीमानाचा खर्च न चुकता घ्या: साधं राहणं रोज १ मोहर, बरं राहणं २, श्रीमंती ४, सरदारी थाट निदान १०. रक्कम छोटी आहे, पण कोण कसं राहतं हे टेबलावर बोललं जातं.

प्रश्न : मी फायटर खेळतो. मला गड बांधायचाय. आमचा डीएम म्हणतो, गड झाला की मोहीम थांबेल. खरं आहे का?
— एक खेळाडू, सातारा

उत्तर : तुमची इच्छा खेळाइतकीच जुनी आहे. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये नववी लेव्हल गाठलेल्या फायटरने स्वतःचा किल्ला उभारला की त्याच्या पदरी आपणहून शिपाई येत. ते त्याचं बक्षीसच होतं. १९८१ च्या एक्स्पर्ट सेटमध्ये भिंत, बुरूज, दरवाजा असे सुटे दर दिलेले होते, दर ५०० मोहरांच्या कामाला एक दिवस धरायचा, आणि बांधकामाआधी आसपासचा मुलूख राक्षसांपासून मोकळा करायचा. ही शेवटची अट तुमच्या डीएमला वाचून दाखवा. गड बांधायला घेणं हीच एक मोहीम आहे.

आता पाचव्या आवृत्तीचे दर. छोटा किल्ला ५०,००० मोहरा आणि ४०० दिवस. तुम्ही जागेवर नसाल तो प्रत्येक दिवस बांधकाम तीन दिवसांनी लांबवतो, म्हणजे महिनाभर मोहिमेवर गेलात तर नव्वद दिवस वाढले. बांधून झाल्यावर रोजचा खर्च १०० मोहरा. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, म्हणून मी तो फोडून बघितला. किल्ल्याला ४० कुशल आणि ५० साधी माणसं लागतात. कुशल माणसाची मजुरी रोज २ मोहरा, साध्याची २ चांदीची नाणी, म्हणजे मोहरेचा पाचवा भाग. ८० आणि १०, झाले ९०. शंभरातले नव्वद निव्वळ पगारात जातात. तेव्हा हा खर्च दगडमातीचा समजू नका. नव्वद कुटुंबं तुमच्यावर जगतायत. कुणाची बायको बाळंत होईल, कुणाचा भाऊ शत्रूच्या फौजेत असेल.

वर्षाला ३६,५०० उभे करणं जड जात असेल तर ठाणं बांधा: १५,००० मोहरा, १०० दिवस, रोजचे ५०. किंवा पडका किल्ला मिळवून डागडुजी करा. त्याचा दर पुस्तकात नाही, तो डीएमशी बसून ठरवा. माझ्या मते पडका किल्ला केव्हाही चांगला, कारण तिथे आधी कोण राहत होतं हा प्रश्न फुकटात मिळतो. जमिनीसाठी राजाची सनद लागेल आणि सनदेबरोबर राजाची चाकरी येईल.

एक गोष्ट आपल्याकडची नक्की उचला. शिवाजी महाराजांनी गड एकाच माणसाच्या हाती दिला नव्हता. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे बरोबरीचे अधिकारी असत, कोठारं कारखानीसाकडे, म्हणजे एक जण फितला तरी गड जाऊ नये. तुमच्या गडावर ही माणसं नेमा. प्रत्येकाला एक नाव, एक हट्ट, आणि दुसऱ्याबद्दल एक तक्रार द्या. मग तुम्ही मोहिमेवर असताना डीएमला गडावरून पत्र पाठवता येईल, आणि त्या पत्रात काय आहे हे ऐकायला सगळं टेबल थांबेल. मोहीम थांबेल ही तुमच्या डीएमची भीती तिथेच संपते.

प्रश्न : मी विझार्ड (जादूगार) आहे. डीएम जादूच्या वस्तू विकत घेऊ देत नाही. मग मी पैसे साठवूनच ठेवायचे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्याइतकं पैशाला काम दुसऱ्या कुणाकडेच नाही. वहीत नवा मंत्र उतरवायला मंत्राच्या दर पातळीमागे ५० मोहरा आणि दोन तास लागतात, म्हणजे पाचव्या पातळीचा मंत्र २५० मोहरा, दहा तास. हा झाला शाईचा खर्च. ज्याच्या वहीतून उतरवणार त्या विझार्डाला काय द्यायचं हे पुस्तक सांगत नाही आणि तिथेच मजा आहे. शहरात चार विझार्ड शोधा, त्यांच्याशी नातं जोडा, कुणाला पैसे चालतील, कुणाला एखादं दुर्मीळ पुस्तक.

पार्टीच्या वतीने दुसरी खरेदी करा ती हिऱ्यांची. मेलेल्याला मिनिटाच्या आत उठवणाऱ्या मंत्राला ३०० मोहरांचे हिरे लागतात, दहा दिवसांच्या आत उठवणाऱ्याला ५०० चा हिरा, त्यावरच्याला १,००० चा, आणि सगळ्यात मोठ्याला २५,००० चे. हे हिरे मंत्राबरोबर संपतात. रानात मित्र मेला तर पिशवीतल्या मोहरा काही कामाच्या नाहीत, हिरा आधीच जवळ हवा. डीएमला सुचवा की हिरे कुठेही मिळू नयेत. आपल्या जगात अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत हिरे मुख्यतः भारतातूनच बाहेर जात होते. तसंच तुमच्या जगात खाणी एकाच मुलखात असतील, तर त्या वाटेवर ज्याचा ताबा, त्याच्या हातात राजांचंही मरण-जगणं. अशा वाटेवरच्या एका काफिल्यात भागीदारी घ्या. मी तुमच्या जागी असते तर साठलेल्यातला अर्धा पैसा तिथेच घातला असता.

प्रश्न : माझ्या पुतण्यांच्या टोळीला, वय बारा-तेरा, हमरस्त्यावर खाणावळ काढायची आहे. राक्षस नकोतच म्हणतात. त्यांना अडवू का? आणि हिशेब कसा ठेवायचा?
— एक काकू, सांगली

उत्तर : मुळीच अडवू नका. मुलं आपणहून धंदा खेळायला मागतायत, याचा मला मनापासून आनंद झाला. रस्त्यावरच्या खाणावळीला रोज १० मोहरा खर्च, ५ कुशल आणि १० साधी माणसं. मुलांनी स्वतः धंद्यात जितके दिवस घालवले तितके, जास्तीत जास्त तीस, १ ते १०० च्या पाशावर पडलेल्या आकड्यात मिळवायचे आणि तक्त्यात बघायचं. कमी पडलं तर पदरचे भरायचे, चांगलं पडलं तर नफा.

मी पूर्ण तीस दिवस बसल्याचं गणित मांडून पाहिलं. सरासरी नफा २६ मोहरांच्या आसपास येतो. बरं राहायचं तर महिन्याला ६० लागतात. म्हणजे खाणावळीवर कुणी श्रीमंत होणार नाही, आणि हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर हिरमोड होईल. खाणावळीची खरी कमाई येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बातम्या. रोज संध्याकाळी एक पाहुणा दारात येऊ द्या: पैसे नसलेला शाहीर, घाईत असलेला जासूद, खोली मागणारा आणि सामान कुणाला हात लावू न देणारा म्हातारा. त्याला जेवू घालायचं, उधार द्यायचं की हाकलायचं हे मुलं ठरवतील. एक जाड वही द्या, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि उधारीला वेगळं पान. राक्षस त्यांनाच एक दिवस हवे होतील, उधारीवाला परत आला नाही की.

प्रश्न : खेळाडूंचे पैसे जास्त झालेत. रात्री चोर घालून निम्मे नेले तर?
— एक डीएम, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको. त्यांनी जीव धोक्यात घालून मिळवलेली वस्तू तुम्ही न खेळता काढून घेताय, आणि पुढच्या वेळी ते प्रत्येक मोहर कमरेला बांधून फिरतील. शहराच्या वेशीवर जकात घ्यायची असेल तर घ्या, पण दर आधी कळू द्या आणि चुकवण्याची एक वाट ठेवा. चोरी करायचीच असेल तर चोराचा माग लागला पाहिजे.

प्रश्न : मला हत्ती विकत घ्यायचा आहे. दादा म्हणतो परवडणार नाही.
— इयत्ता सातवी, कोल्हापूर

उत्तर : दादाला यादी दाखव. हत्ती २०० मोहरांना आहे. लढाईचा घोडा ४०० ला! हत्तीच्या वैरणीला पुस्तकाप्रमाणे दिवसाला तांब्याची ५ नाणी, पण तू तुझ्या हत्तीला जास्त घाल. तो १,३२० पौंड ओझं नेतो. पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे एका हत्तीवर ६६,००० नाणी मावतात. वरच्या पत्रातल्या नाशिककर दादांचा सगळा खजिना तुझा एकटा हत्ती नेईल. माहूत मात्र चांगला बघ, त्याला रोज २ मोहरा दे, आणि हत्तीचं नाव तूच ठेव.

प्रश्न : आमच्या गटातली क्लेरिक (पुजारीण) तिचा सगळा वाटा अनाथ मुलांच्या घराला देते. बाकीचे म्हणतात ती पार्टीला कमजोर करतेय. आम्ही इथे न्यू जर्सीत दर रविवारी मराठीतून खेळतो आणि या विषयावर दोनदा वाद झाला.
— एक डीएम

उत्तर : ती तुमच्या टेबलावरची पैसा सगळ्यात चांगला वापरणारी खेळाडू आहे, आणि यालाही जुना आधार आहे. आर्नेसन यांच्या ब्लॅकमूर मोहिमेत, जिच्या नोंदी १९७७ मध्ये छापल्या गेल्या, सोनं मिळवून पुरत नसे. ते आपल्या पात्राच्या आवडीवर खर्च केलं तरच त्याचे एक्सपी मिळत. कुणाची आवड दारू आणि मेजवान्या, कुणाची जादूचं संशोधन, कुणाची देवधर्म. हा नियम तुम्ही आजही आणू शकता. पण पाचव्या आवृत्तीत एका मोहरेला पूर्ण एक एक्सपी देऊ नका, खजिने मोठे आहेत, पात्रं भराभर वर जातील. दहा मोहरांना एक एक्सपी ठेवा आणि दोन-तीन महिने बघा. तुम्ही एक्सपी मोजतच नसाल, तर त्याऐवजी पुढच्या मोहिमेत एकदा पासा पुन्हा टाकण्याची मुभा द्या. सवलत सगळ्यांना सारखी: फायटरने आखाड्याला दिले, बार्डने (गाणाऱ्या पात्राने) उत्सवाला दिले, तरी चालेल. अट एवढीच की पैसा पात्राच्या मनाचा असावा आणि परत मागता येऊ नये.

वाद मिटवायला आणखी एक करा. औषधं आणि हिरे यांसाठी पार्टीची एक सामाईक थैली ठेवा आणि प्रत्येक खजिन्यातला पाचवा हिस्सा वाटणीआधी तिच्यात टाका. उरलेल्या वाट्याचं कुणी काय करावं यावर मग चर्चा नाही. आणि त्या अनाथघरातल्या दोन-तीन मुलांची नावं, वयं क्लेरिककडूनच ठरवून घ्या. त्यातला मोठा मुलगा पुढच्या वर्षी पार्टीचा सामान वाहणारा म्हणून येऊ शकतो. तो आला तर त्याची मजुरी २ चांदीची नाणी, आणि ती सामाईक थैलीतून द्यायची.